जोड कधीचा?

पहाटे ५.३०, सातारा

पिशवी रात्रीच भरलेली असते, तरी निघताना एकदा उघडून बघते. दहा पटींचं भिंग, छोटं लोहचुंबक, व्हर्नियर, टेप, वजनकाटा, दोन बॅटऱ्या (त्यातली एक अतिनील प्रकाशाची), रबरी हातमोजे, मलमलीचे तुकडे, कॅमेरा, नोंदींचे कोरे तक्ते. शिवणयंत्राच्या तेलाची एक बाटलीही असते, ती त्या त्या घरी ठेवून येण्यासाठी. आपल्याकडे हत्याराला खोबरेल तेल लावायची जुनी सवय आहे. ते धूळ धरतं आणि त्या थराखाली गंज निवांत वाढत राहतो.

जुन्या घरांतली हत्यारं बघून त्यांची नोंद करणं हे माझं काम. मी विकत घेत नाही, विकून देत नाही, किंमत सांगत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत हे काम संपण्यासारखं नाही. सरदारांचे वाडे राहू देत, साध्या शेतकऱ्याच्या देवघरात, माळ्यावरच्या पोत्यात, गोठ्याच्या आढ्यात खोचलेली तलवार निघते. १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं; त्यानंतर कुणी विहिरीत टाकली, कुणी भिंतीत चिणली, अशा आठवणी अजून घराघरांत सांगतात.

लोक मला तीन गोष्टी विचारतात: किती जुनी, कोणाची, किती किमतीची. मी शोधत असते ते याच्या आधीचं असतं. ही मूठ आणि हे पातं एकमेकांसाठी घडवलेले आहेत का? नसतील, तर दोघांची गाठ कधी पडली? भाग एकमेकांचे नसले की वस्तू खोटी, असं मानायची जी घाई हल्ली झाली आहे, तिच्याशी माझं दिवसभर भांडण चालतं.

७.१५, अपशिंग्याच्या पुढे

अपशिंगे मिलिटरी हे गाव जिल्ह्याबाहेरच्या लोकांनाही नावानं माहीत आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. त्यांचं स्मारक गावात उभं आहे. त्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर आजची पहिली भेट. घरातले आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. नातू स्वतः सैन्यात, सुट्टीवर आलेला. त्यानं जुन्या धोतराच्या फडक्यातून एक संगीन काढून खाटेवर ठेवली.

जर्मन संगीन, माउझर रायफलीला लावायची. पात्याच्या मुळाशी एका बाजूला रोमन लिपीत ‘सीओएफ’ ही तीन अक्षरं आणि ४३ चा आकडा. दुसऱ्या बाजूला चार आकडी क्रमांक. कोणता कारखाना काय बनवतो ते शत्रूला कळू नये म्हणून जर्मनांनी कारखान्यांना अशी सांकेतिक अक्षरं दिली होती. सीओएफ म्हणजे झोलिंगेन गावातला कार्ल आयकहॉर्न यांचा कारखाना. ४३ म्हणजे १९४३. मुठीला बेकलाइटच्या तपकिरी पट्ट्या. सगळं जिथल्या तिथे. मग मी म्यान उचललं. त्यावरही क्रमांक होता, पण वेगळा.

“ताई, म्हणजे म्यान दुसऱ्याचं?” नातवाच्या लगेच लक्षात आलं.

“हो, दुसऱ्या संगिनीचं.”

त्याचा चेहरा उतरला. तो मोबाइलवर बरंच वाचून बसला होता आणि त्याचं वाचलेलं खरंही होतं. कारखान्यातून बाहेर पडताना संगीन आणि म्यान यांच्यावर एकच क्रमांक ठोकलेला असायचा. रायफलीचं तर आणखी काटेकोर. माउझर के-९८ च्या मुख्य सांगाड्यावर पूर्ण क्रमांक, आणि बोल्ट, खटक्याभोवतीची पट्टी, नळी धरणाऱ्या कड्या अशा सुट्या भागांवर तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे. सुटे केलेले भाग पुन्हा जुळवताना चूक होऊ नये म्हणून ही व्यवस्था. आज जगभरचे संग्राहक याच आकड्यांवरून रायफल ‘जुळलेली’ की ‘मिसळलेली’ ते ठरवतात आणि किमतीत मोठा फरक पडतो. फरक पडतो म्हणून लबाडीही होते. जुना आकडा घासून त्यावर हवा तो ठोकतात. घासलेल्या जागी लोखंड किंचित खोलगट होतं, भोवतीचा काळा-निळा मुलामा तुटतो. भिंगाखाली ते लपत नाही.

पण मिसळ झालेली प्रत्येक रायफल लबाडीची नसते. युद्धानंतर सोव्हिएत कोठारांत हस्तगत केलेल्या माउझर रायफली मोठ्या संख्येनं सुट्या केल्या, साफ केल्या आणि हाताला येतील ते भाग घेऊन पुन्हा उभ्या केल्या. बोल्टवर विजेच्या लेखणीनं नवा क्रमांक ओरखडला. त्यात कुणाला फसवायचं नव्हतं, कोठाराची नोंद नीट राहावी एवढाच हेतू. तो ओरखडासुद्धा इतिहासच आहे. जर्मन कारखान्याचा नव्हे, रशियन कोठाराचा.

मी म्यान उन्हात धरलं. म्यानाच्या तोंडाशी गंजाची एक कड होती आणि पातं आत घातल्यावर पात्याच्या मुळावरची गंजाची कड तिला अचूक येऊन मिळत होती. म्हणजे ही दोघं या घरात एकत्रच जुनी झाली आहेत. मी आजींना विचारलं, यांचं काय करायचात?

“काय करायचं? गुळाची ढेप फोडायची. तुझे आजोबा म्हणायचे, जर्मनाच्या हातातनं काढून घेतलीय, जपून वापरा.” नातवाकडे बघत आजी म्हणाल्या.

टोक थोडं वाकलेलं होतं. ढेपेनंच वाकलं असणार.

इटलीत मराठा पलटणींनी जे केलं त्याची नोंद मोठी आहे. जुलै १९४४ मध्ये टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या धुमश्चक्रीत पडलेल्या हत्यारांच्या ढिगातून उचललेली संगीन कोणत्या म्यानात गेली, हे कोण तपासत बसणार? किंवा त्याच्याही आधी एखाद्या जर्मन तुकडीतच अदलाबदल झाली असेल. मी तक्त्यावर लिहिलं: “संगीन आणि म्यान भिन्न क्रमांकांचे. जोड बहुधा युद्धकाळातला, घरी येण्यापूर्वीचा. नंतर फेरफार नाही.”

नातवाला एक विक्रेता भेटला होता. रिकामं म्यान देतो, हवा तो नंबर ठोकून देतो, म्हणाला होता. मी त्याला सांगितलं, तसलं म्यान घेतलंस तर घरातली एकमेव खरी जोडी तू स्वतःच्या हातानं मोडशील. त्याला ते पटलं. त्यानं आजोबांचं डिस्चार्ज बुक काढून आणलं. मी त्याचे फोटो घेतले. वस्तूइतकंच ते पुस्तक सांभाळायला हवं.

९.३०, कराड

चहा आणि दोन इडल्या. हायवेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे वेळ गेला. वाटेत झोलिंगेनच डोक्यात घोळत होतं, कारण सांगलीत जी तलवार बघायची होती तिच्या फोटोत मला त्याच गावाची खूण दिसल्यासारखी वाटत होती.

११.००, सांगली, गावभाग

वाड्याच्या भिंतीवर छातीच्या वर एक मळकट रेघ आहे. ऑगस्ट २०१९ ची. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि गावभागात पाणी शिरलं ते दिवसेंदिवस हटलं नाही. त्या पुरात कितीतरी घरांतली दफ्तरं लगदा झाली, हत्यारं गाळात गेली. या घरातल्या काकांनी तलवार वेळेवर माळ्यावर नेली नाही, म्हणून ते अजून हळहळतात.

घरचं पूर्वापार सांगणं असं: पूर्वज पटवर्धनांच्या पथकात होते, परशुरामभाऊंबरोबर टिपूवरच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणपर्यंत गेले, तलवार तेव्हाची. मोहीम १७९२ मध्ये तहानं संपली, ते इतिहासात पक्कं आहे. तलवार तीच का, हे कागद नसताना तलवारीलाच विचारावं लागतं.

लाल कापडावर ठेवली. फिरंग. सरळ, लांब, लवचीक पातं, मधोमध तीन पन्हळी. वर आपली दख्खनी मूठ: बोटांवरून वळलेली रुंद परज, मागे गोल गादी आणि गादीतून निघालेला लांब दांडा, दुसऱ्या हातानं धरायला. पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नक्षीदार लोखंडी पट्ट्या रिव्हेटनं ठोकलेल्या.

पन्हळीत मूठभर रेघांत कोरलेलं एक जनावर होतं, रेघांत पितळेची तार ठोकून बसवलेली. जागोजागी ती निघून गेलेली. “घोडा आहे,” काका म्हणाले, “आमचे पूर्वज स्वार होते ना.” तो लांडगा आहे. डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावच्या कारागिरांची ही जुनी खूण. झोलिंगेनच्या लोहारांनी ती उचलली आणि शतकानुशतकं वापरली. शेजारी १४१४ असा आकडा. घरात ते साल समजत आले. पण १४१४ हा आकडा सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पात्यांवरही पुन्हा पुन्हा येतो. अभ्यासक तो शुभांक मानतात.

इथे सावध राहावं लागतं. युरोपातल्या पात्यांना दख्खनेत एवढी मागणी होती की आपल्याकडच्या लोहारांनी लांडग्याची, जेनोआच्या चंद्रकोरीसारख्या खुणांची नक्कल केली. आणि युरोपातही एकानं दुसऱ्याची खूण ठोकणं नवं नव्हतं. म्हणून नुसता लांडगा दिसला की झोलिंगेन लिहून मोकळं होता येत नाही. मी पन्हळी मोजल्या. तिन्हींची रुंदी मुळापासून शेवटपर्यंत एकसारखी, कडा सरळ. जनावराच्या रेघा छिन्नीच्या एकेका ठोक्याच्या, आखून काढलेल्या नव्हेत. पितळेची तार खोबणीत घट्ट रुतलेली, वरून ओतलेली नव्हे. पातं किंचित वाकवलं तर सरळ परत येत होतं. यांतलं एकेक सुटं लक्षण काही सिद्ध करत नाही. सगळी एका दिशेला बोट दाखवतात तेव्हा लिहिण्याचं धाडस होतं.

पण खरी गोष्ट पट्टीपाशी होती. लांडग्याचे मागचे पाय पट्टीखाली गेलेले. ज्यानं पट्टी ठोकली त्याला त्या खुणेचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याला मूठ घट्ट बसवायची होती. म्हणजे पातं एका देशातल्या एका हातानं घडवलं, मूठ दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या हातानं बसवली, हे स्वच्छ दिसतं. आता प्रश्न उरला, केव्हा?

बॅटरी आडवी धरून मी पात्याची धार पाहत गेले. पट्टी जिथे संपते तिथे पात्याच्या रुंदीत एक बारीक पायरी होती. पट्टीच्या आड पातं पूर्ण रुंद, पट्टी संपताच ते जवळजवळ दोन मिलिमीटरनं अरुंद झालेलं. शिकलगारानं पिढ्यानपिढ्या धार लावली, पातं झिजत गेलं, पण पट्टीखालचा भाग सहाणेला लागलाच नाही. एवढी झीज एका-दोन दसऱ्यांत होत नाही. याचा अर्थ मूठ आणि पट्ट्या बसल्या त्यानंतर ही तलवार दीर्घकाळ वापरात होती. हा जोड लढाईच्या काळातला आहे.

दुसरी साक्ष हळदीकुंकवाची. खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पुजतात. सुकलेलं कुंकू, तेल आणि धूळ यांचा थर सांध्याच्या कोनात वर्षानुवर्षं साचतो आणि दगडासारखा होतो. कुंकवात ओल धरते आणि लोखंड खाते, ते वाईटच. पण त्याच थरावरून मला सांधा हलला की नाही ते कळतं. पट्टी आणि पातं यांच्या कोनातला थर अखंड होता. मुठीच्या तोंडाशी मात्र तो तुटलेला होता.

मी खोलीतले पडदे ओढायला सांगितलं आणि अतिनील बॅटरी लावली. मुठी आपल्याकडे लाखेनं बसवतात, आणि लाख या प्रकाशात नारिंगी झाक दाखवते. मुठीच्या तोंडाशी नारिंगीच्या मध्ये एक निळसर-पांढरा पट्टा चमकला. हल्लीचं इपॉक्सी.

काका थोडे चाचरले. “पुरानंतर मूठ खडखडायला लागली होती. मीच बसवली, दुकानातनं आणून. चुकलं का?”

त्यांना मी मनापासून सांगितलं, चुकलं नाही. ओल लागल्यानं लाख सुटली होती. त्यांनी तलवारीला हात दिला. तो पदार्थ नंतर काढणं कठीण जातं, म्हणून पुढच्या वेळी लाखच वापरा, एवढंच. मी तक्त्यावर तीन ओळी लिहिल्या. पातं: जर्मन, बहुधा सतरावं शतक. मूठ आणि पट्ट्या: दख्खनी, त्यानंतर बसवलेल्या, दीर्घ वापराच्या खुणा. मुठीच्या तोंडाशी दुरुस्ती: २०१९ च्या पुरानंतर, घरच्यांनी. तिसऱ्या ओळीचा मला पहिल्या ओळीइतकाच आदर आहे.

काका अजून पहिल्या ओळीवरच थांबले होते. “पातं जर्मन. मग आमची तलवार मराठी नाही म्हणायची?”

हा प्रश्न प्रत्येक फिरंगेपाशी येतो आणि मला तो टाळता येत नाही. करवीरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला गेलेली तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे, ती परत यावी म्हणून आपण शतकभर बोलतो आहोत. तिचं पातं युरोपीय आहे. त्यावर येशूच्या नावाची आयएचएस ही अक्षरं तीन वेळा ठोकलेली आहेत आणि मुठीवर सोन्याचं काम आहे. तिचा मान त्यामुळे तसूभर कमी होत नाही. चांगलं पोलाद जिथलं मिळेल तिथलं घ्यायचं, किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज, डच, इंग्रज व्यापाऱ्यांकडून पाती घ्यायची आणि आपल्या हाताला, आपल्या लढण्याला शोभेल अशी मूठ बसवायची. मराठ्यांचं शहाणपण त्या सांध्यात दिसतं. पट्ट्याचंही तेच. २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेल्या दांडपट्ट्याची जुनी पाती पाहा, त्यांत युरोपीय पाती भरपूर सापडतात. फिरंग मराठी होते ती मूठ बसते त्या क्षणी.

१.१५, त्याच घरी, जेवणाआधी

काकांच्या पुतण्यानं आपलीही तलवार आणली. वर्षभरापूर्वी घेतलेली, ‘शिवकालीन’ म्हणून. इथे मला फार वेळ लागला नाही. पात्यावरचे खड्डे सगळीकडे सारख्या खोलीचे, कारण ते आम्लात बुडवून काढले आहेत. खरा गंज कुठे खोल जातो, कुठे वरवर राहतो. मुठीच्या आतल्या कोपऱ्यात ग्राइंडरच्या समांतर रेघा. रिव्हेटची भोकं ड्रिलची, अगदी गोल. पितळी अक्षरांत लिहिलेलं ‘श्री भवानी’ आजच्या छापील वळणाचं.

जुने लेख कसे असतात ते मी त्याला फोनवर दाखवलं. १६८९ मध्ये अदोनीच्या किल्ल्यातून बिकानेरच्या अनुपसिंहांनी जिंकून नेलेल्या हत्यारांवर देवनागरीत ठिपके टोचून नोंदी केल्या आहेत. त्या मालकाच्या गौरवासाठी नव्हत्या, शस्त्रागाराच्या मोजदादीसाठी होत्या. जर्मनांच्या क्रमांकासारखं आपल्याकडे काही असेल तर ते हेच. मुठीवर तो लेख असला की ती मूठ १६८९ च्या आधीची हे ठरतं आणि तिच्यात बसलेल्या पात्याबद्दलही बोलता येतं.

पुतण्या गप्प होता. त्यानं पगारातून पैसे साठवून घेतली होती. मला त्याच्या विक्रेत्याचा राग आला, त्याचा नाही. त्याच्या तलवारीतही दोन भाग जुळत नाहीत आणि काकांच्याही. फरक असा की काकांच्या तलवारीतला सांधा कुणापासून लपवलेला नाही, आणि याच्यातला लपवण्यासाठीच घडवला आहे. हातातली परज पाहून मात्र मी थबकले. ती एकटीच जुनी होती, बहुधा एखाद्या मोडक्या तलवारीची, उरलेलं सगळं नवं. म्हणजे ही विकण्यासाठी कुठलीतरी खरी तलवार मोडली गेली. मला सगळ्यात जास्त ते लागतं.

३.४५, मिरज

मिरजेत शिकलगार चाचांकडे गेल्याशिवाय माझी सांगलीची फेरी पुरी होत नाही. दुकानात आता कात्र्या, सुऱ्या, कोयते. पण हातात आजोबांची विद्या आहे. याच गावच्या सतारमेकर घराण्यांचे मूळपुरुष फरीदसाहेब शिकलगारच होते. हत्यारांचं काम आटलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते सतार-तंबोऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लोखंडाचा सांधा बसवणारे हात भोपळ्याचा सांधा बसवू लागले, आणि दोन्हीकडे लाख होतीच.

मी सकाळच्या मुठीचे फोटो दाखवले. चाचांनी चष्मा सरकवून बघितलं.

“बेटी, ही मूठ दोनदा बसलेली दिसते. हे बघ, पट्टीच्या वरच्या रिव्हेटची टोपी मोठी, खालच्यांची बारीक. वरचा नंतर मारलाय.”

मी ते पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं; एकाच कारागिराकडे दोन मापांचे रिव्हेट असू शकतात. चाचांचं म्हणणं वेगळं होतं: बारीक रिव्हेटचा कारागीर टोपी घासून सपाट करतो, मोठ्याचा तशीच गोल सोडतो. माप नव्हे, सवय वेगळी. हे पुस्तकात मिळत नाही. मी नोंदीत जोडलं: “पट्टीचा वरचा रिव्हेट स्वतंत्र दुरुस्तीचा असण्याची शक्यता.”

मग लाखेची गोष्ट निघाली. लाख आणि राळ वितळवायची, विटेची बारीक भुकटी मिसळायची, मुठीत भरायची, पात्याची शेपटी तापवून आत दाबायची आणि थंड होईस्तोवर हलवायची नाही. मूठ उतरवायची असेल तरीही उष्णताच लागते. हातोडा मारून काढलेल्या मुठी चाचांकडे येतात तेव्हा ते फार चिडतात. त्याहून जास्त चिडतात ते बफच्या चाकावर. तलवार चकाकावी म्हणून लोक ती बफिंगला देतात. तासाभरात पितळेचा लांडगा, आकडा, टोचलेली अक्षरं, सगळं पुसलं जातं. “चमक येते, नाव जातं,” ते म्हणाले. सांगलीच्या काकांना मी हे आजच फोन करून सांगणार आहे, कारण दसरा जवळ आला की ही कल्पना घराघरांत सुचते.

६.३०, परतीच्या वाटेवर

फोन. एक सद्गृहस्थ, ओळखीचे नाहीत. त्यांच्याकडे ‘वाघनखं’ आहेत, मी फोटोवरून दाखला लिहून द्यावा. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात आल्यापासून असे फोन वाढले आहेत. फोटोवरून मी काही लिहीत नाही, हे त्यांना सांगितलं.

त्या वाघनखांचा विचार मात्र मनात राहिला. त्यांच्या पेटीवर लिहिलंय की साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळाली आणि ती शिवाजी महाराजांची आहेत. संग्रहालय स्वतः सांगतं, की याची खातरजमा करता येत नाही. नाव आणि वस्तू यांच्यामध्येही एक सांधा असतो, आणि तोही केव्हा घातला गेला ते बघावं लागतं. पेटीवरचा मजकूर एकोणिसाव्या शतकातला, अफझलखानाच्या वधाची घटना १६५९ ची. मधल्या काळाचा कागद नाही. साताऱ्यात ती पाहायला हजारो लोक आले, डोळ्यांत पाणी घेऊन उभे राहिले. त्या लोकांना कमी लेखणारी विद्वत्ता मला नको आहे. पण त्यांच्यासमोरच्या फलकावर काय माहीत आहे आणि काय नाही, ते दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

८.४५, सातारा, टेबलाशी

फोटोंना नावं देणं हे दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम. घर, तारीख, वस्तू, बाजू. पट्टीपाशी असलेली पायरी मी तिरक्या उजेडात पाच अंतरांवरून टिपली आहे. उद्या कुणी माझं अनुमान खोडून काढायचं ठरवलं तर त्याला पुरावा माझ्याच फोटोंत मिळाला पाहिजे.

फिरंगेच्या अहवालात ‘श्रीरंगपट्टण मोहीम’ कुठे लिहायचं, यावर थांबले. घरची आठवण मी नेहमी लिहिते, कारण ती गेली की परत मिळत नाही; पण वेगळ्या रकान्यात, ‘घरात सांगतात’ म्हणून. तलवार १७९२ मध्ये वापरात असणं शक्य आहे, झीज त्याला विरोध करत नाही. यापुढे एक अक्षरही नाही. काकांच्या घरच्या जुन्या वह्यांपैकी पुरातून थोड्या वाचल्या आहेत. त्यांत शिकलगाराला दिलेल्या पैशांची एखादी मोडी नोंद निघाली, तर त्या वरच्या रिव्हेटचं सालसुद्धा सापडेल. त्या वह्या आधी नीट वाळवून, पानं न ओढता उघडायला हव्यात. तसं काकांना सविस्तर लिहिलं.

संगिनीच्या नोंदीला डिस्चार्ज बुकचे फोटो जोडले. म्यानावरचा क्रमांकही पूर्ण लिहिला. त्या म्यानाची मूळ संगीन जगात कुठेतरी दुसऱ्याच म्यानात असेल. कधी कुणी शोधत आलं तर आकडा हाताशी असावा.

१०.१०

पुतण्याचा फोन. विक्रेत्याला तलवार परत करू का, विचारत होता. मी सांगितलं, परत करायचीच, आणि पावतीवर ‘शिवकालीन’ लिहिलं असेल तर तो कागद सोडू नकोस. पण परज कुठून मिळाली ते त्याच्याकडून आधी काढून घे; मूळ तलवारीचं पातं त्याच्याकडेच पडलेलं असेल तर ती पुन्हा एक होऊ शकेल. तो म्हणाला, उद्याच विचारतो, आणि काकूंचा निरोप आहे, यंदा खंडेनवमीला फिरंगेला कुंकू लावायचं की नाही? मी म्हटलं, पूजा नक्की करा. कुंकू पाटावर वाहा, फूल शेजारी ठेवा, आणि पूजा उतरल्यावर त्याच संध्याकाळी तिला कोरडं पुसून पातळ तेलाचा हात फिरवा. बाटली मी देवघराच्या फळीवर ठेवून आले आहे.